मांजराचे बेसावध छायाचित्र



माझे नाव सभेच्या पत्रकावर दिसले की या गावातील मंडळी विषय न वाचताच ओळखतात. हमालीचे दर, तोलाई-वाराईचा वाद, माथाडी मंडळाकडची नोंदणी, नाहीतर मोर्चा. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी मोंढ्यातील हमाल-मापाड्यांच्या संघटनेचे काम करतो आणि याच विषयांवर घसा कोरडा करतो. त्यामुळे व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी यंदा विषय विचारला आणि मी "मांजराचे फोटो" असे सांगितले, तेव्हा त्यांनी पुन्हा विचारले, "कशाचे?" मी म्हणालो, "मांजराचे. आपल्या घरातल्या, आपल्या पायात घोटाळणाऱ्या मांजराचे." ते हसले. आता तुम्हीही हसलात. ठीकच झाले, कारण आज मला हसण्याविषयीच बोलायचे आहे. मांजराच्या फोटोतले हसू कुठून येते, ते कसे टिपावे, आणि कोणते हसू हाती आले तरी टाकून द्यावे, एवढाच माझ्या व्याख्यानाचा आवाका आहे.

या विषयावर बोलण्याची माझी लायकी काय, हेही सांगून टाकतो. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. तिथे कायद्याची पुस्तके वाचता वाचता छायाचित्रणावरचे एक जुने पुस्तक हाती लागले. पुढे एका बंद होणाऱ्या स्टुडिओतून जुना रोळाचा कॅमेरा हप्त्याने घेतला. छत्तीस फोटोंचा रोळ. तो धुऊन आणायचा म्हणजे दोन दिवसांची हमाली. त्यामुळे एकेक फोटो मोजून घ्यायचा. आज तो कॅमेरा कपाटात आहे आणि खिशात सर्वांसारखा मोबाइल आहे. साधन बदलले, पण छत्तीसच्या काळात लागलेली वाट पाहण्याची सवय सुटली नाही, आणि मांजराच्या कामी तीच उपयोगी पडली.

आमच्या कचेरीत एक बोका आहे. चार वर्षांपूर्वी हळदीच्या हंगामात रिकाम्या बारदानाच्या ढिगात एक मांजरी व्याली. मोंढा म्हटला की धान्य आले, धान्य आले की उंदीर आले, आणि उंदीर आले की मांजराला कुणी हाकलत नाही. पिलांपैकी एक राखी पट्ट्यांचे पिलू आमच्याकडे राहिले. ते सदैव नोंदणीच्या रजिस्टरवर येऊन बसे, आणि आपण हिशेब लिहू लागलो की लेखणीच्या टोकाकडे संशयाने पाही. म्हणून त्याचे नाव पडले मुनीम. आज जे काही सांगणार आहे ते बहुतेक मुनीमाने शिकवलेले आहे.

आधी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. आपल्या आज्या-पणज्यांच्या फोटोंत कुणी हसत का नाही, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर याची छायाचित्राची रीत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटे, आणि त्यासाठी सुरुवातीला कित्येक मिनिटे लागत. तेवढा वेळ माणसाने हलायचे नाही. मानेमागे लोखंडी टेकूही लावत. इतका वेळ हसू चेहऱ्यावर टिकत नाही. साधने सुधारली, वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आला, तरी फोटोला बसायचे म्हणजे ताठ बसायचे हा रिवाज राहिला. आपला हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी टिपलेले सरदार-दरकदार पाहा. चित्रे अप्रतिम आहेत; पण प्रत्येकजण जणू आपलाच पुतळा होऊन बसला आहे. माणूस मानाखातर ताठ बसेल. मांजर कशाखातर बसणार?

यावर दोन प्रकारच्या लोकांनी दोन तोडगे काढले. पहिला तोडगा मांजराला सजवून बसवण्याचा. इंग्लंडातील ब्रायटन गावच्या हॅरी पॉइंटर या छायाचित्रकाराने १८७० च्या दशकात मांजरांना चहाच्या किटलीपाशी, तीन चाकांच्या गाडीवर वगैरे बसवून सुमारे दोनशे चित्रे काढली आणि खाली गमतीच्या ओळी छापून ती शुभेच्छेची कार्डे म्हणून विकली. पुढे अमेरिकेत हॅरी व्हिटियर फ्रीस (१८७९–१९५३) याने पिलांना अंगरखे-टोप्या घालून फोटो घेतले. त्याला एका फोटोला सेकंदाचा पाचवा हिस्सा एवढा वेळ लागे. सेकंदाचा पाचवा हिस्सा तुम्हाआम्हाला काहीच नाही. मांजराला तेवढ्यात टोपी पाडून कपाटावर जाता येते. त्यामुळे त्याची बरीच चित्रे वाया जात.

दुसरा तोडगा शास्त्रज्ञांचा. मांजर उलटे सोडले तरी चार पायांवरच कसे पडते, हा जुना प्रश्न. फ्रान्समधील एत्येन-ज्यूल मारे याने १८९४ साली एका मांजराला पाय धरून उलटे सोडले आणि एका सेकंदात अनेक चित्रे घेणाऱ्या यंत्राने ते पडणे टिपले. त्यातून दिसले की मांजर कशालाही रेटा न देता हवेतच कमरेत वळते. आधी पुढचा भाग फिरवते, मग मागचा. भल्या भल्या पंडितांना हे अशक्य वाटत होते. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट आवडते. पडून झाल्यानंतरच्या चित्रांत मांजराच्या चेहऱ्यावर मान दुखावल्याचा भाव दिसतो, असे त्या वेळच्या एका इंग्रजी शास्त्रीय साप्ताहिकाने लिहिले होते. शास्त्रज्ञ वळण शोधत होते, आणि न मागता त्यांना एक विनोदी फोटो मिळाला.

आज आपण ज्याला बेसावध छायाचित्र म्हणतो ते खरे शक्य झाले १९२५ नंतर, जेव्हा जर्मनीत लायका हा हातात मावणारा कॅमेरा विक्रीस आला. त्याच सुमारास एरिख सॉलोमन हा जर्मन छायाचित्रकार मोठमोठ्या राजकीय परिषदांत लहान कॅमेरा घेऊन शिरू लागला आणि मुत्सद्द्यांना जांभया देताना, पेंगताना टिपू लागला. पोझ मोडली आणि माणूस दिसू लागला. आपल्याकडे हीच विद्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनी सिद्ध केली. नवसारीला जन्मलेल्या, मुंबईला शिकलेल्या, भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. दिल्लीच्या पालम विमानतळावर पंडित नेहरू बहिणीची वाट पाहत उभे आहेत आणि त्यांच्या शेजारीच "छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई" अशा अर्थाची पाटी आहे, असे त्यांचे एक चित्र प्रसिद्ध आहे. ते पाहून हसू येते, पण नेहरूंचा मान तसूभरही कमी होत नाही. उलट ते जवळचे वाटतात. चांगल्या बेसावध फोटोची कसोटी हीच, असे मी समजतो.

मांजराच्या बाबतीत ही कसोटी पाळणारा मोठा माणूस म्हणजे अमेरिकेचा वॉल्टर चंडोहा. १९४९ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या बर्फात त्याला एक पिलू सापडले. ते कोटात घालून तो घरी घेऊन गेला. पिलू रात्री घरभर वेड्यासारखे धावे, म्हणून त्याचे नाव ठेवले लोको, म्हणजे वेडा. त्याचे फोटो गाजले, आणि पुढे चंडोहाने जन्मभर मांजरांचेच फोटो काढले. त्यांची संख्या नव्वद हजारांच्या घरात गेली. २०१९ साली तो अठ्ठ्याण्णव वर्षांचा होऊन वारला. त्याच्या आधीच्याच वर्षी, १९४८ साली, फिलिप हाल्समन याने चित्रकार दाली याचे एक जगप्रसिद्ध चित्र घेतले. त्यात दाली उडी मारतो आहे, बादलीभर पाणी हवेत आहे आणि तीन मांजरेही हवेत आहेत. ते जमेपर्यंत अठ्ठावीस वेळा मांजरे फेकली आणि अठ्ठावीस वेळा पाणी फेकले. चित्र अजब आहे, नाकारत नाही. पण मी संघटनेचा माणूस. माझ्या मनात प्रथम हेच आले की त्या मांजरांची संघटना असती, तर अठ्ठावीस फेऱ्यांची वाराई कोणत्या दराने लागली असती?

असो. इतिहास पुरे. आता कामाचे बोलू.

मांजराचा फोटो विनोदी का होतो? मांजर विदूषक नाही. कुत्रा तुमच्यासाठी हसतो, माकड नकला करते. मांजर कधीही कुणाला हसवायला जात नाही. ते फार गंभीर, फार प्रतिष्ठित प्राणी आहे. आपण त्याला वाघाची मावशी म्हणतो ते उगाच नव्हे. आणि विनोद नेमका तिथेच आहे. एवढ्या रुबाबात चाललेल्या मावशीची जीभ चाटता चाटता बाहेरच राहून जाते. कपाटावर नेम धरून मारलेली उडी चार बोटे कमी पडते आणि खाली येताच ती घाईने पाठ चाटू लागते, जणू उडी मारायची नव्हतीच. प्राणिशास्त्र सांगते की गोंधळात पडलेले जनावर असे भलतेच काम काढून स्वतःला सावरते. सभेत प्रश्नाचे उत्तर न सुचलेला वक्ता चष्मा पुसतो, त्यातलाच प्रकार. रुबाब आणि फजिती यांच्या मधला तो अर्धा क्षण टिपला की फोटो झाला.

असे क्षण कधी येतात हे ठाऊक असेल तर वाट पाहणे सोपे जाते. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपते. म्हणून झोपेतून उठण्याची वेळ हेरावी. उठताना ते आधी पुढचे पाय ताणते, मग पाठीची कमान करते, आणि तोंड पूर्ण उघडून जांभई देते. समोरून पाहिले तर ती जांभई वाघाची डरकाळी दिसते, आणि जांभई संपत आली की डोळे मिटलेले, ओठ वर गेलेले, म्हणजे थेट खदखदून हसणे. एक जांभई दिली की पुष्कळदा लगेच दुसरी देते. पहिली चुकली तर हलू नये.

दुसरा क्षण वासाचा. मांजराला नवा वास आला की ते तोंड अर्धवट उघडून, वरचा ओठ आखडून, क्षणभर थिजल्यासारखे बसते. त्याच्या टाळूत वास ओळखणारे एक वेगळे इंद्रिय असते. तिथे वास पोचवण्याची ही रीत. आपल्याला मात्र वाटते की त्याला कमालीची किळस आली आहे. आमच्या एका हमालबंधूंनी दिवसभर वापरलेले जोडे दाराशी काढले आणि मुनीमाने ते हुंगले, तेव्हाचा त्याचा चेहरा कचेरीच्या भिंतीवर लावला आहे. तिसरा क्षण खोक्याचा. खोके दिसले की मांजर आत शिरते. आपल्यापेक्षा लहान असले तरी शिरते. तिथे ऊब असते, पाठ झाकलेली असते, म्हणून त्याला निर्धास्त वाटते. अंग बाहेर सांडलेले आणि चेहऱ्यावर मात्र बंगला घेतल्याचे समाधान. चौथा क्षण आपल्या उन्हाळ्याचा. मे महिन्यात वसमतला पारा चाळिशीच्या पुढे गेला की मुनीम माठाखालच्या ओल्या तरटावर चारी पाय चार दिशांना फेकून उताणा पडतो. तेव्हा त्याच्याकडे पाहून रजिस्टरवर बसणारा मुनीम तो हाच, हे कुणी म्हणणार नाही.

आता फोटो घेण्याची रीत.

पहिली गोष्ट, खाली बसा. आपण उभे राहून मोबाइल खाली धरतो आणि फोटोत मांजराचे डोके मोठे, पाय लहान, आणि बाकी सगळी फरशी येते. मांजराच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा आला पाहिजे. चंडोहाचाही हाच आग्रह असे. त्यासाठी मांडी घालून बसावे, प्रसंगी पालथे पडावे. कपडे मळतील. वरून पाहिलेले मांजर आणि समोरून पाहिलेले मांजर हे दोन वेगळे प्राणी आहेत. हा नियम माणसालाही लागू आहे, पण तो विषय वेगळ्या सभेचा.

दुसरी गोष्ट उजेडाची. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला अधिक चपळ असते, आणि छायाचित्राला मऊ उजेडही त्याच सुमारास मिळतो. निसर्गाने ही सोय करून ठेवली आहे; तिचा फायदा घ्यावा. घरात दाराजवळ किंवा खिडकीजवळ, उजेड बाजूने येईल असे बसावे. दुपारच्या उन्हात मांजराची बाहुली आकसून उभी रेघ होते आणि डोळे कठोर दिसतात. सावलीत बाहुली गोल होते आणि तेच मांजर भोळे दिसते. फ्लॅश मुळीच वापरू नये. माणसाला लागतो त्याच्या सहाव्या हिश्श्याच्या उजेडातही मांजराला दिसते. त्याच्या डोळ्यामागे उजेड परत फेकणारा पडदा असतो, म्हणून फ्लॅशमध्ये डोळ्यांचे दोन कंदील होतात, आणि मांजर दचकते ते निराळेच. एकदा दचकले की आठवडाभर ते तुमच्या मोबाइलकडे संशयाने पाहील.

तिसरी गोष्ट वेगाची. बसलेल्या मांजराला सेकंदाचा सव्वाशेवा हिस्सा पुरतो. उडीला पाचशेवा किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. मोबाइलात हे आकडे पाहावे लागत नाहीत, पण तत्त्व तेच. उजेड भरपूर असेल तर मोबाइल आपोआप वेगाने फोटो घेतो. अंधारात शेपटीचा धूर होतो. बहुतेक मोबाइलांत एकामागून एक चित्रे ओळीने निघण्याची सोय असते, ती शिकून घ्यावी. फोकस नेहमी मांजराच्या जवळच्या डोळ्यावर असावा. काळे मांजर असेल तर यंत्र फसते. काळे पाहून ते उजेड वाढवते आणि मांजर राखेत लोळल्यासारखे दिसते. तेव्हा हाताने उजेड थोडा कमी करावा. पांढऱ्या मांजराचे उलट. तिथे थोडा वाढवावा, नाहीतर ते मळकट दिसते.

आणि वसमतकरांसाठी एक खास सूचना. फेब्रुवारी-मार्चपासून आपल्या मोंढ्यात नवी हळद उतरते. हळकुंडे ओतताना, पोती भरताना जो पिवळा धुरळा उडतो तो कपड्यांवर, पापण्यांवर आणि मोबाइलच्या काचेवरही बसतो. मी एक अख्खा हंगाम समजत होतो की मुनीमाला कावीळ झाली आहे! काच मऊ सुती कापडाने पुसली आणि बोका बरा झाला.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड: काहीही करू नका. मांजर कॅमेऱ्याला भीत नाही, ते तुमच्या हालचालीला बिचकते. मोबाइल काढून तसेच बसावे. वाचन करावे, हिशेब करावा. पंधरा-वीस मिनिटांत मांजर तुम्हाला विसरते आणि आपल्या उद्योगाला लागते. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्याही आधी, कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे दिवसामागून दिवस थोडे थोडे चित्रण केले होते. वाटाण्याला घाई करता येत नाही. मांजरालाही नाही. फार तर एकदा कागद चुरगळावा. मांजराला माणसापेक्षा कितीतरी बारीक, तीव्र आवाज ऐकू येतो, ते चटकन कान टवकारून पाहील. पण ही युक्ती दोनदाच चालते. तिसऱ्यांदा ते मान वळवायचेही कष्ट घेत नाही.

आता जे टाकून द्यायचे त्याविषयी. आजकाल मोबाइलवर मांजरांची चलच्चित्रे येतात. मांजर जेवत असते, मागे गुपचूप काकडी ठेवतात, मांजर वळते आणि तीन फूट उडते, आणि घरातले हसतात. पायांना चिकटपट्टी लावतात, अंगात झबले घालतात. मित्रहो, ते मांजर विनोद करत नसते, ते घाबरलेले असते. कान मागे चिकटलेले, बाहुल्या पसरलेल्या, शेपटी बाटली धुण्याच्या ब्रशासारखी फुगलेली, अंग जमिनीशी लागलेले, ही भीतीची लक्षणे आहेत. याउलट शेपटी सरळ वर, कान पुढे, आणि तुमच्याकडे पाहून डोळे हळूच मिटून उघडणे, ही विश्वासाची खूण आहे. विनोदी फोटो घेण्याआधी ही दोन प्रकारची लक्षणे पाठ करावीत. निर्धास्त मांजराच्या फजितीला हसणे म्हणजे घरच्या माणसाची थट्टा. घाबरलेल्याला हसणे म्हणजे चव्हाट्यावर कुणाची टोपी उडवून हसणे. दोन्हीकडे दात सारखेच दिसतात; पण हसू एक नव्हे.

हे मी एवढ्या कळकळीने का सांगतो, तेही सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमचा संप चालू होता. संपाच्या आदल्या रात्री पावसाची चिन्हे होती, म्हणून उघड्यावरचा माल भिजू नये यासाठी आमचे लोक पहाटेपर्यंत पोती आत वाहत होते. संप उद्यापासून आहे, आज माल वाचवणे हे आपले काम आहे, असे मीच त्यांना सांगितले होते. सकाळी त्यांतला एकजण थप्पीला टेकून, तोंड उघडे टाकून झोपला. कुणीतरी त्याचा फोटो घेतला आणि तो एका वर्तमानपत्रात आला. खाली ओळ होती की काम नको, दरवाढ मात्र हवी. फोटो खोटा नव्हता. माणूस खरेच झोपला होता. खोटी होती ती खालची ओळ आणि न दिसलेली रात्र. गाव हसले. त्या माणसाने पुढे महिनाभर मोंढ्यात मान वर केली नाही. तेव्हापासून मला बेसावध फोटोची ताकद कळली आणि तिची भीतीही बसली. म्हणून मांजराच्या फोटोखाली ओळ लिहिताना मी एकच पाहतो: ही ओळ त्या क्षणी जे घडले त्याला धरून आहे ना? आणि माणसाचा बेसावध फोटो असेल तर त्याला दाखवल्याशिवाय, त्याच्या होकाराशिवाय तो कुणालाही दाखवत नाही. मांजराला विचारता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने आपणच विचार करायचा.

शेवटी एका फोटोची हकीकत सांगतो आणि आपली रजा घेतो.

आमच्या टोळीचे एक मुकादम होते. सगळा मोंढा त्यांना मामा म्हणे. १९६९ च्या माथाडी कायद्याखाली आमच्या लोकांची नोंदणी झाली तेव्हा ओळखपत्रासाठी प्रत्येकाचा फोटो लागला. मामा फोटोला बसले की ओठ घट्ट मिटून घेत, कारण समोरचे दोन दात एका थप्पीखाली सापडून गेले होते. ओळखपत्रावरचे मामा म्हणजे कुणी फौजदारच! एरवी हा माणूस एवढा हसरा की पोत्याखाली वाकलेला असतानाही कोट्या करायचा. मी किती वेळा मोबाइल धरला. मोबाइल दिसला की ओठ मिटले.

एका सकाळी काट्यावर पोते चढवायचे होते आणि मुनीम काट्याच्या पाटावर जाऊन, पाय पोटाखाली घेऊन, स्वस्थ बसला. मला हवा तसाच क्षण. मी जमिनीवर बसलो आणि बटण दाबून धरले. मागून मामांचा आवाज आला, "मापाडी, घ्या लिहून याचं वजन! तोलाई कुणाच्या नावावर टाकता?" सगळे हसले, मुनीम दचकून उतरला, आणि माझे फोटो वाया गेले. सातांपैकी सहांत मांजर हलले होते. सातव्यात तर काट्याच्या कडेला नुसती शेपटी उरली होती, आणि मागे मामा, मान मागे टाकून, तोंडभर हसणारे, दोन दातांची खिडकी सताड उघडी. मी मामांना तो दाखवला. ते म्हणाले, "राहू द्या. शेपूट चांगलं आलंय."

पुढच्या वर्षी मामा गेले. तेराव्याच्या आधी मुले कचेरीत आली. हार घालायला फोटो हवा होता. घरात होता तो ओळखपत्रावरचा. मी तो सातवा फोटो दाखवला. मुलांना तो हसरा फोटो बरा दिसेल की नाही याची शंका वाटली. त्यांनी तो घरी नेऊन मामींना दाखवला. मामींनी पुष्कळ वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "हेच लावा. घरी असंच तोंड होतं त्यांचं." स्टुडिओवाल्याने विचारले, खालची शेपटी कापून टाकू का? मामींनी सांगितले, राहू द्या.

तो फोटो आज त्यांच्या घरी भिंतीवर आहे, आणि ही हकीकत तुमच्यापुढे सांगण्याची परवानगी मी मामींकडून घेऊन आलो आहे. हार अंमळ वर बांधला आहे, म्हणजे शेपटी झाकली जात नाही.

उद्या रविवार आहे. घरी मांजर असेल तर सकाळी दाराशी खाली बसून पाहा. मोबाइल जवळ असू द्या, पण लगेच काढू नका.